डाव्या डोळ्याखालची रेघ

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीचं वेळापत्रक बदलतं. दिवसा ताप, सर्पदंश आणि औषध प्यायलेले. रात्री अकरानंतर ट्रॉल्या. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर हातभर आलेला ऊस, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि पंक्चर झालं म्हणून अर्धा रस्ता अडवून उभ्या. पाठीमागून मोटरसायकलवर येणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला अर्थ उरलेला नसतो. ट्रॉलीचा फाळका साधारण त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. हेल्मेट घरी खुंटीला.

मी तेव्हा रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला होते, जॉइन होऊन जेमतेम पाच महिने झालेले. रात्री सव्वादोनला वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर आत ढकललं. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, मानेला कॉलर, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, आणि चेहरा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म. डोकं, मान आणि चेहरा असे तीन सीटी लिहून आले होते. शुद्धीवर होता. टेबलावर घेताना तो माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. वाकून ऐकलं तर म्हणत होता, "दात बसंनात."

मी "हो, हो, हलू नका" म्हटलं आणि कन्सोलच्या खोलीत गेले.

ते दोन शब्द म्हणजे त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची माहिती होती, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कळलं.

स्कॅन तसा काही सेकंदांचा खेळ. टेबल सरकतं, नळी गरगरते, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंतच्या पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ शेकडो चकत्या मशीनमध्ये येऊन पडतात. आमचे टेक्निशियन दादा जुन्या मशीनच्या काळातले. ते सांगतात, पूर्वी चेहऱ्याचे समोरून दिसणारे काप हवे असले तर पेशंटला पालथं झोपवून मान मागे ताणावी लागायची. ज्याची मानच मोडली असण्याची शंका आहे त्याला हे कसं सांगणार? मग ते काप राहूनच जायचे. आता एकदाच उताणं झोपवायचं. आडवे, समोरचे, बाजूचे, हवे तसे काप नंतर संगणकावर पाडून घ्यायचे. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या पेशंटच्या मेंदूचा काप काढला, तेव्हा एका फेरीलाच काही मिनिटं लागत होती. तेवढ्या वेळात आमचे दादा हल्ली पेशंट उतरवून पुढचा चढवतात.

डोकं आणि मान ठीक होती. मी खूश झाले आणि चेहरा उघडला. उघडला म्हणजे थेट थ्रीडी उघडली. दुसरं कोण काय करणार? पडद्यावर पांढऱ्याशुभ्र हाडांची कवटी उभी राहते, माउस फिरवला की फिरते, आणि मोडलेलं सगळं कसं स्पष्ट दिसतं. म्हणजे तसं वाटतं. उजवीकडे गालाचं हाड आत दबलेलं, डोळ्याच्या खोबणीची खालची कड तुटलेली, नाकाचं मूळ मोडलेलं. डावीकडेही खोबणीच्या खालच्या कडेवर एक रेघ आणि तिच्याखाली एक भोक. मग समोरच्या कापांवर जाऊन जबड्यामागचे टेरिगॉइड बघितले: दोन्हीकडचे मोडलेले. पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर आलं, नाकाच्या मुळापासून दोन्ही गालांवर उतरणारा तो सुबक त्रिकोण. सव्वातीनला मी लिहिलं: "दोन्ही बाजूंना लेफोर्ट टू." आणि एक कप चहा घेतला.

हे लेफोर्ट प्रकरण काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. रने लफोर हा फ्रान्सच्या लील शहरातला सर्जन. (उच्चार लफोर असाच आहे, पण आमच्या वॉर्डात तसं म्हटलं तर कुणी ओ देणार नाही.) त्याने 1901 साली एक मालिका छापली. पस्तीस प्रेतांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करायचे, दंडुका हाणायचा, टेबलाच्या कडेवर आपटायचं, मग मांस काढून हाडं कुठे मोडली ते बघायचं. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यातून त्याला दिसलं की चेहरा वाटेल तसा फुटत नाही. काही रेषांवर तो कच्चा आहे आणि बहुतेक वेळा तिथेच सुटतो. पहिली रेष वरच्या दातांच्या मुळांवरून आडवी जाते. टाळू आणि दात मिळून एक तुकडा सुटतो. दुसरी नाकाच्या मुळापासून खोबणीच्या खालच्या कडेतून तिरकी उतरते. नाक आणि वरचा जबडा मिळून एक पिरॅमिड सुटतो, गालाची हाडं मात्र कवटीशीच राहतात. तिसरी सगळ्यात वरची, नाकाच्या मुळातून खोबणीच्या आतून बाहेरच्या कडेपर्यंत आणि गालाच्या कमानीतून. मग पूर्ण चेहराच कवटीपासून वेगळा. तिन्हींमध्ये एक गोष्ट सामायिक. वरच्या जबड्यामागे, घशाच्या बाजूला, टेरिगॉइडची दोन-दोन पातळ पानं उभी असतात आणि जबड्याला मागून धरून ठेवतात. ती मोडल्याशिवाय जबडा सुटत नाही.

मी यातलं सगळं पाठ केलं होतं. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर न अडखळता म्हटलं असतं.

सकाळी दहाला मॅक्सफॅकचे, म्हणजे चेहरा-जबड्याच्या सर्जरीचे सर खाली आले. हातात माझा रिपोर्ट. त्यांनी तो टेबलावर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला, आणि आमच्या मॅडमना म्हणाले, "मॅडम, हे वाचून मी काय करायचं ते सांगा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मॅडमनी मला बाजूची खुर्ची दाखवली आणि स्वतः माउस घेतला. पहिली गोष्ट त्यांनी केली ती थ्रीडी बंद करण्याची.

"ही शेवटी," त्या म्हणाल्या. "ही नातेवाइकांना दाखवायला आणि सरांना प्लॅनिंगला. तुला वाचायला नाही."

कारण नंतर त्यांनीच दाखवलं. खोबणीचा तळ आणि नाकाकडची भिंत ही हाडं कागदासारखी पातळ. थ्रीडी बनवताना संगणक ठरावीक घनतेच्या वरचं तेवढं ठेवतो आणि खालचं गाळतो, त्यामुळे धडधाकट माणसाच्या खोबणीतही भोकं दिसतात. उलट खरी, पण न सरकलेली चीर त्याच चित्रात गुळगुळीत होऊन जाते. नसलेलं दिसतं आणि असलेलं लपतं.

मग आडवे काप, हाडांच्या विंडोवर. विंडो म्हणजे करड्या रंगाच्या हजारो छटांपैकी कोणत्या पडद्यावर पसरायच्या त्याची निवड. हाडासाठी रुंदी अडीच हजारांच्या आसपास, मध्य पाचशेच्या जवळ. मॅडम खालून वर निघाल्या, दातांपासून. मी रात्री वरून खाली आले होते आणि नाकाशीच थांबले होते, कारण मला हवं ते तिथे सापडलं होतं. चौथ्या-पाचव्या कापावर त्या थांबल्या. टाळूच्या हाडात पुढून मागे जाणारी एक चीर, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. समोरच्या दोन दातांमध्ये फट.

"दात जुळतायत का त्याचे?"

मी गप्प. सर म्हणाले, "नाही. काल रात्रीपासून तेच सांगतोय तो."

टाळू असा उभा दुभंगला की वरच्या दातांची कमान नालेसारखी फाकते. हे माहीत नसताना सर्जनने वरचे आणि खालचे दात तारेने बांधले, की फाकलेल्या कमानीवरच सगळा चेहरा बसवला जातो. खालून रुंद झालेला चेहरा वर कितीही नीट जोडला तरी रुंदच राहतो. आणि लेफोर्टच्या तीन आकड्यांमध्ये टाळूच्या या उभ्या चिरेला जागाच नाही. मी बरोबर आकडा लिहिला असता तरी ही चीर निसटलीच असती.

तो आकडाही बरोबर नव्हता. मॅडम डाव्या डोळ्याखालच्या रेघेपाशी आल्या. "ही काय आहे?"

"फ्रॅक्चर, मॅडम."

"कडा बघ."

त्यांनी चित्र मोठं केलं. मोडलेल्या हाडाच्या कडा कच्च्या असतात, टोकदार, जणू आत्ताच कडकन मोडलेलं लाकूड. या रेघेच्या दोन्ही कडांना बारीक पांढरी किनार होती, सावकाश, वर्षानुवर्षं घडलेली. तो सांधा होता, जिथे गालाचं हाड आणि वरचा जबडा जन्मापासून एकमेकांना भिडतात. खालचं भोक तर प्रत्येकाला असतं. गालाची संवेदना नेणारी नस तिथून बाहेर येते. मी सांधा आणि नसेचं भोक जोडून त्यातून एक फ्रॅक्चर काढलं होतं. एरवी अशा वेळी दुसऱ्या बाजूशी ताडून बघतात; पण इथे दुसरी बाजू चिंध्या झालेली, ताडणार कशाशी? मॅडमनी मऊ भागांची विंडो लावली. उजव्या खोबणीत चरबी गढूळ झालेली आणि तिच्यात हवेचे काळे बुडबुडे, सायनसमधून, म्हणजे गालाच्या हाडामागच्या हवेच्या पोकळीतून, वर आलेले. डावीकडची चरबी स्वच्छ. तळ अखंड.

"तुला चित्र माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "चित्र दोन्हीकडे सारखं असतं, म्हणून तू डावीकडेही शोधलंस. आणि शोधल्यावर काय, सापडतंच."

त्यानंतर त्यांनी जी वाट दाखवली ती मी आजही तशीच चालते. आधी टेरिगॉइड. अखंड असतील तर लेफोर्ट हा शब्द विसरायचा. मोडलेले असतील तर प्रत्येक बाजूला, वेगवेगळी, तीन ठिकाणं बघायची: नाकपुडीच्या हाडाची बाहेरची कड, खोबणीची खालची कड, गालाची कमान. पहिलं मोडलं असेल तरच वन, दुसरं तरच टू, तिसरं तरच थ्री. एखादं अखंड असलं की तो आकडा त्या बाजूपुरता बाद, आणि मोडलं असलं तर बाकीची रेष खरंच तशी जाते का ते तपासायचं. उजवीकडे वन आणि टू, डावीकडे नुसता वन, असंही होतं. एकाच बाजूला दोन आकडेही असतात. या मुलाचं नेमकं तसंच होतं. आणि टेरिगॉइड मोडले म्हणजे लेफोर्ट झालाच असंही नाही. गालाचं हाड जोरात मागे दाबलं गेलं किंवा खालचा जबडा मोडला तरी ती पानं मोडू शकतात.

त्यातही उजवीकडचं गालाचं हाड वेगळंच सुटलं होतं. जुनी पुस्तकं याला तिपाई म्हणतात. मॅडमना त्या शब्दाचा राग आहे, कारण पाय तीन नाहीत, चार आहेत: वर कपाळाच्या हाडाशी, मागे कमानीतून कानाकडे, खाली जबड्याशी, आणि आत, खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत स्फिनॉइड या कवटीच्या तळाच्या हाडाशी. हा चौथा पाय बाहेरून दिसत नाही म्हणून मोजला जात नाही. पण हाड किती फिरलंय ते सगळ्यात खरं तिथेच कळतं. सर पहिल्यांदा पुढे झुकले ते त्याच कापावर.

मग वाद झाला, आणि मला तो फार आवडला. सरांनी विचारलं, उजवीकडे कमान मोडली आहे, कपाळाचा सांधा उघडलाय. मग लेफोर्ट थ्री का नाही म्हणायचं? मॅडमचं म्हणणं, गालाचं हाड जबड्यापासूनही सुटलंय, म्हणजे चेहरा एकसंध खाली आलेला नाही. टू आणि शिवाय स्वतंत्र गालाचं हाड, असं लिहू. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. सर म्हणाले, "तुम्ही त्याला थ्री म्हणा नाहीतर तेरा म्हणा. मला एवढं सांगा: काय कशापासून सुटलंय आणि काय अजून कवटीला धरून आहे. मी स्क्रू कुठे मारू?"

आमच्या गावाकडचा वाडा पाडला तेव्हा मी आठवीत होते. भिंती मातीच्या, त्या नुसत्या ढकलल्या तरी पडत होत्या. वजन सगळं खांब आणि तुळयांवर. सर त्या दिवशी पेन्सिलने कागदावर जे काढत होते ते बघून मला तोच सांगाडा आठवला. चेहऱ्यातही बरीचशी हाडं नुसत्या भिंती आहेत, सायनसवरचं पातळ आवरण. भार वाहणारे खांब मोजके: नाकाशेजारून वर जाणारा एक, दाढांवरून गालाच्या हाडात जाणारा दुसरा, मागे टेरिगॉइडचा तिसरा. तुळया आडव्या: टाळू, खोबणीची खालची कड ते कमान, आणि वर कपाळाची पट्टी. टायटॅनियमच्या पट्ट्या फक्त यांच्यावरच बसतात, कारण स्क्रू धरेल इतकी जाडी तिथेच. मागचा खांब मात्र हाताला येत नाही, तो तसाच सोडतात. सरांना माझ्याकडून हवं होतं ते इतकंच: कोणता खांब कुठे मोडला, चुरा झालाय की एकच तुकडा, आणि सरकला असेल तर कुठल्या दिशेला.

आणखी एक त्यांनी विचारलं जे मला सुचलंही नसतं. नाकाच्या छतात, मेंदूखालच्या चाळणीत, चीर आहे का? कारण भूलतज्ज्ञांना नळी कुठून घालायची ते ठरवायचं होतं. दात बांधायचे म्हणून तोंडातून नको. नाकाचं मूळ मोडलेलं म्हणून नाकातूनही नको. चीर नव्हती, तरी शेवटी हनुवटीखालून छेद देऊन नळी बाहेर काढायचं ठरलं. माझ्या "दोन्ही बाजूंना लेफोर्ट टू" या ओळीत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

रिपोर्ट बदलला, फोन करून आणि लेखी, वेळ टाकून. शिक्षा अशी झाली: महिनाभर मला रिपोर्टात लेफोर्ट हा शब्द वापरायची बंदी. फक्त वर्णन. शिवाय सर्व्हरवरचे जुने चेहऱ्याचे सीटी, रोज दोन, रिपोर्ट न बघता वाचायचे, मग ताडायचे. पहिल्या आठवड्यात इतका वैताग आला की विचारू नका. एक शब्द पुरेल तिथे मी आठ ओळी लिहीत होते. पण आकडा हातात नसला की डोळे चित्र शोधायचं सोडतात, हे तिसऱ्या आठवड्यात जाणवलं. सायनस आधी बघायची सवय लागली. ताज्या मारानंतरही सगळे सायनस काळेभोर, हवेने भरलेले असतील, तर त्यांच्या भिंती मोडल्या असण्याची शक्यता फार कमी. रक्ताची पातळी दिसली की कोणती भिंत फुटली ते शोधायचं.

त्याच महिन्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आला. कबड्डीत कुणाचा तरी कोपर डोळ्याखाली बसलेला. डोळा पांढराशुभ्र, सूज जवळजवळ नाही, पण पोरगं सारखं ओकत होतं आणि नाडी मंद. सगळ्यांना डोक्याचा मार वाटला. मेंदूचा सीटी स्वच्छ निघाला. डोळ्याच्या खोबणीचा तळ मी बघितला तर भोक नाहीच. नुसती केसाएवढी चीर, आणि खालच्या सायनसमध्ये लोंबणारा एक छोटा करडा थेंब. पण खोबणीत डोळ्याचा खालचा स्नायू कुठे दिसेना. मुलांची हाडं ओल्या काडीसारखी लवतात. तळाचं झाकण खाली उघडतं आणि परत मिटतं, स्नायू मधे चिमटून. उलट्या आणि मंद नाडी त्या चिमट्यामुळेच. हे थांबायचं प्रकरण नाही, त्याच दिवशी सोडवावं लागतं. या वेळी मी रिपोर्ट टाइप करत बसले नाही, धावत वर गेले. वर्गीकरणाच्या तक्त्यात ही चीर अगदी किरकोळ दिसेल.

वर्गीकरणं काही कमी नाहीत. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे जे मोडतं त्याची 1991 ची मार्कोविट्झ-मॅनसन पद्धत आहे: पापण्यांचा आतला कोपरा ज्या दोरीने हाडाला बांधलेला असतो ती दोरी मोठ्या एका तुकड्यावर आहे, चुऱ्यातल्या लहान तुकड्यावर आहे, की सुटूनच गेली. ही मला लेफोर्टपेक्षा कितीतरी जास्त कामाची वाटते, कारण ती थेट सर्जनच्या कामाला भिडते. गंमत अशी की सीटीत ती दोरी नीट दिसतच नाही. अश्रूंच्या पिशवीजवळचं हाड बघून अंदाज बांधायचा. खात्री सर्जन बोटाने करतो, पापणी बाहेर ओढून, हाड हलतं का बघून. एओ या हाडांच्या सर्जरीतल्या संस्थेची 2014 ची पद्धतही आहे, प्रत्येक भागाला अंक. चेहऱ्याच्या मधल्या भागाला 92. संशोधनाला, हजारो केसेस मोजायला ती चांगली असेल. रात्री तीनला फोनवर कुणी 92 म्हणत नाही.

पोलिसांचा मुद्दा राहिला. मारामारीच्या केसमध्ये हवालदार हमखास विचारतात, "मॅडम, साधी का गंभीर?" हाड किंवा दात मोडला की कायद्याने ती गंभीर दुखापत, आधी दंडविधानाचं कलम 320, आता न्याय संहितेचं 116. नाकाच्या हाडावर नसेच्या खाचा असतात, अगदी चिरेसारख्या दिसणाऱ्या. अशी एक खाच मी फ्रॅक्चर म्हणून लिहिली असती तर कुणावर तरी भारी कलम लागलं असतं. डाव्या डोळ्याखालची रेघ मला तेव्हा परत आठवली आणि मी पांढरी किनार शोधायला चित्र मोठं केलं. किनार होती.

ट्रॉलीवाल्या मुलाचं ऑपरेशन आठव्या दिवशी झालं, सूज उतरल्यावर. सरांनी मला बघायला बोलावलं. आधी टाळूला पट्टी, मग दात जुळवून तारा, मग खालून वर आणि वरून खाली एकेक खांब. पडद्यावर जे मी मिलिमीटरमध्ये मोजलं होतं ते सरांनी हुकाने उचललं आणि एक टक् आवाज येऊन गालाचं हाड जागेवर बसलं. खोबणीच्या आतली ती चौथी जागा जुळली का, ते त्यांनी दोनदा बघितलं.

तीन महिन्यांनी तो फॉलोअपच्या सीटीला आला. मी ओळखलंच नाही. आधीचा चेहरा मी पाहिलाच कुठे होता? आईनेच ओळख दिली. "ताई, त्या रातीला तुम्हीच हुता न्हवं?" दात जुळत होते. भाकरी खातो म्हणाला, ऊस मात्र सरांनी अजून बंद ठेवलाय. मग उजव्या गालावरून हात फिरवत म्हणाला, "मॅडम, हितं काय कळत न्हाई. दाढी करताना ब्लेड लागलं तरी रगत बघून कळतंय. हे येतंय का परत?"

हे सरांना विचारा, म्हटलं. कधी हळूहळू परत येतं, कधी थोडं राहतं, एवढंच मला माहीत होतं. तो गेल्यावर मी जुना स्कॅन उघडला. उजव्या खोबणीच्या तळात, जिथून गालाची नस पुढे येते त्या नळीतून चीर आरपार गेलेली. नळीची एक भिंत आत दबलेली. समोरच्या सहा-सात कापांवर स्वच्छ दिसत होती. मग रिपोर्ट उघडला, दुरुस्त केलेला, मॅडमनी सही केलेला, दीड पानांचा. टाळू होता, चार पाय होते, खांब होते. नसेच्या नळीचा उल्लेख नव्हता. डावीकडच्या त्याच नळीचं तोंड, ते भोक, मी त्या रात्री फ्रॅक्चर म्हणून लिहिलं होतं आणि उजवीकडे नळी खरंच मोडलेली असताना तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी स्कॅन बघितला, चष्मा काढला, म्हणाल्या, "मीही नाही बघितली." आणि आमच्या खोलीतल्या संगणकावर चेहऱ्याच्या रिपोर्टचा जो कच्चा आराखडा असतो त्यात, खोबणीच्या तळाच्या ओळीखाली, एक नवी ओळ टाकायला लावली.